स्विचमधली वाटणी

माझ्या दोन मुलांची वाटणी झाली ती देवासच्या घरात, स्वयंपाकघराबाहेर स्टुलावर ठेवलेल्या एका लोखंडी डबीत. तिला स्विच म्हणतात. घरातल्या सगळ्या खोल्यांच्या तारा तिच्यात येतात.

थोरला तळमजल्यावर घरांचे नकाशे काढतो. धाकटा वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून मुलांना गणित शिकवतो. एकदा धाकट्याची प्रश्नपत्रिका थोरल्याच्या प्रिंटरमधून निघाली आणि गिऱ्हाइकाच्या नकाशात गुंडाळली जाऊन राजगढला पोचली. त्यावरून दोघे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी स्विचवाल्याला बोलावलं.

मी चौथीपर्यंत शिकले. पण तो करत होता ते समजायला चौथी पुरते. डबी एकच, तारा त्याच, फक्त आत खाने पाडायचे. एका खान्यातलं यंत्र दुसऱ्या खान्यातल्याला दिसत नाही.

"माँजी, इसको व्हीलॅन बोलते हैं. एक घर, दो चूल्हे," तो म्हणाला.

"चुली मी पाहिल्यात. तू तुझं काम कर."

तो एकेक तार धरून विचारत होता, ही कोणाची, ही कोणाची. मग म्हणाला, "और माँजी के कमरे की?"

"आई खालीच राहते. माझ्यात टाक," थोरला म्हणाला.

धाकट्याने पुढची तार त्याच्या हातात दिली. वाटणीत आई थोरल्याकडे जाते, तशी माझी तारही गेली. मी तिथेच दोन हातांवर मटार सोलत बसले होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही, याची चीड अजून आहे.

त्या तारेवर माझ्या खोलीतला फोन चालतो. एक बटण दाबलं की पूर्वी खाली थोरल्याकडे आणि वर धाकट्याकडे, दोन्हीकडे वाजायचा. खाने पाडल्यावर तो कुठे वाजतो, हे दोघांपैकी एकानेही दाबून पाहिलं नाही.

पुढच्या अमावास्येला थोरला आणि त्याची बायको नर्मदेच्या स्नानाला धरमपुरीला गेली. दुपारी मी न्हाणीघराच्या दारात घसरले. मोबाइल वर चार्जिंगला होता. सरपटत पलंगापाशी आले, वायर ओढून फोन खाली पाडला आणि बटण दाबलं. भिंतीपलीकडे थोरल्याच्या कुलूपबंद खोलीत घंटी वाजलेली मला स्पष्ट ऐकू आली. वर वाजली नाही. वर धाकटा दार लावून पोरांना अपूर्णांक शिकवत होता, सून घरातच होती. मी हाका मारल्या. पुन्हा पुन्हा बटण दाबलं, आणि रिकाम्या खोलीत तो मेला फोन पुन्हा पुन्हा वाजला. चार वाजता धाकटी सून चहा घेऊन खाली आली, तेव्हा मी फरशीवर होते.

हाड मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोरला परतला. दोघे भाऊ एकमेकांच्या चुका मोजत बसले. मी काठी टेकत गेले आणि स्विचचा प्लग उपटला.

धाकटा धावत खाली आला. "आई, माझी पोरं खोळंबलीत!"

"मी दोन तास खोळंबले होते."

थोरला म्हणाला, "अगं, मला आत्ता नकाशा पाठवायचाय."

"पाठव. पायी जाऊन दे."

स्विचवाला तासाभरात आला. माझा पाय पाहून त्याचं तोंड उतरलं. "भिया, माँजी का तीसरा खाना कर देता हूँ. दोनों तरफ का रास्ता खोल दूँगा, घंटी दोनों जगह बजेगी. बस, आप दोनों हाँ बोलो."

"त्याला विचार," थोरला म्हणाला.

"पहले उनसे पूछो," धाकटा म्हणाला.

"मला विचार," मी म्हणाले. "फोन माझा आहे आणि सुजलेला पायही माझा आहे. कर."

त्याने केलं. तो पिशवी उचलायला लागला तशी मी त्याला थांबवलं आणि बटण दाबलं. खाली वाजलं, वरही वाजलं. मी दाबतच राहिले. थोरली पोळपाट टाकून आली, धाकटी जिन्यावरून धावत आली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. कोण येतं ते बघत होते."

आता रोज सकाळी दहाला दाबते. दोन्ही मजल्यांवरून कोणीतरी दारात येऊन तोंड दाखवेपर्यंत सोडत नाही. धाकटा म्हणतो, वर्गात अडथळा येतो. येऊ दे.