न कापलेली पानं

झेलिंदा अकरा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर पुस्तकं विकायला जात होती. इटलीतल्या लुनिजाना भागातल्या त्या डोंगरगावात पेरायला जमीन नव्हती, म्हणून घरोघरची माणसं पाठीवर पुस्तकांची करंडी बांधून वसंतात घाट ओलांडत आणि थंडीच्या तोंडावर परतत. बापाला अक्षर येत नसे. चित्र आणि वजन पाहून तो पुस्तक ओळखी. वाचायची ती झेलिंदा.

वाचायची, पण अर्धंच. छापलेला कागद घडी घालून शिवलेला, म्हणून नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली असत आणि सुरीने ती कापायचा मान विकत घेणाऱ्याचा. कापलेलं पुस्तक म्हणजे उष्टं. मग झेलिंदा घडीत बोट घालून, मान वाकडी करून दिसेल तेवढं वाचायची. नायिका बोटीत चढायची आणि एकदम विधवाच होऊन समोर यायची. मधलं झेलिंदा चालता चालता मनाने रचायची.

बापाचे गुडघे गेले तशी शेवटची तीन वर्षं ती एकटीच फिरली. या हिवाळ्यात बाप गेला. आता वसंतातल्या बैठकीत, कुणी कोणत्या गावांना विकायला जायचं त्या वाटा ठरवून देताना, बापाची वाट तिला मिळते की नाही एवढाच प्रश्न होता.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे गुत्त्यात जमले. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाची उरलेली पुस्तकं टेबलावर आली. वाटा ठरवून देणारा, सगळ्यांत जुना विक्रेता फियोरेंझोकाका कडांवरून अंगठा फिरवत होता. एका कादंबरीवर तो थांबला.

"ही कुणी कापली?"

"गिऱ्हाइकाने परत केली म्हण," शेजारून चुलतभाऊ आदेल्मो पुटपुटला.

"मी कापली," झेलिंदा म्हणाली. "घाटात दोन दिवस पावसात अडकले होते. पावाच्या सुरीने कापली."

"का गं?"

"एकदा तरी एक पुस्तक सलग वाचावं म्हणून."

गुत्ता खदखदून हसला. "गुत्तेवालाच प्यायला बसला म्हणायचा!" कुणीतरी ओरडलं.

"मग? शेवट कसा होता?" काकाने विचारलं.

"पडेल."

पुन्हा हशा. काका मात्र हसला नाही. "पोरी, आज एक कापलंस, उद्या करंडी कापशील. वाट आदेल्मो घेईल."

"तीन वर्षांत माझ्याइतकी पुस्तकं कुणी विकली, काका?"

"ते खरं आहे," काका म्हणाला, आणि पुढची वाट कुणाची ते विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेल्मो दारात आला. "कुणाला काय लागतं ते लिहून दे ना."

"वाचून कोण देणार तुला?"

"बरं बाई, तोंडी सांग."

तिने नकार द्यायला हवा होता. पण नदीपलीकडचा लोहार पोरीसाठी चित्रांचं पुस्तक मागवून बसला होता. गिरणीवालीला दुसरा भाग हवा होता. त्यांनी काय पाप केलं होतं? ती उंबऱ्यावर बसून घरामागून घर सांगत गेली. दहा वर्षांची वाट दुपारच्या जेवणाआधीच सांगून संपली.

"आणि ती पुलाजवळची म्हातारी विधवा?"

"तिला काही विकायला जाऊ नकोस. पाणी माग, बस. घटकाभराने तीच विचारते, काय आणलंयस म्हणून."

"बसायला वेळ कुणाला आहे?" म्हणत आदेल्मो उठला आणि करंडी बांधायला निघून गेला.