माशांसाठी भीमेची वाळू

माशांच्या काचपेटीत तळाला काय घालावं, हे मला कुणीही विचारावं. नातवंडं विचारत नाहीत. ती दुकानातून निळेगुलाबी खडे आणतात. ते बघून माझे डोळे दुखतात, मग त्यात राहणाऱ्यांचं काय होत असेल! पण मी तोंड उघडत नाही. या विषयात मी एकदाच तोंड उघडलं होतं, वयाच्या सतराव्या वर्षी, आणि तेवढं मला आयुष्याला पुरलं.

लग्न होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सासर बारामतीत. सासरे, म्हणजे मामंजी, कालव्याच्या कचेरीत कारकून होते. नवरा दौंडला नोकरीला. शनिवारच्या गाडीनं यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. घर पडलं कारकुनाचं, त्यामुळं सुनेनं उंबऱ्याबाहेर दिसायचं नाही. माझ्या माहेरी बायका रानात खुरपायला जायच्या, बाजाराला जायच्या, नदीवर धुणं धुताना गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. इथं पाणी भरायलासुद्धा बाई होती. मी चुलीपासून परसापर्यंत जायची आणि परसापासून चुलीपर्यंत यायची. परसाला पुरुषभर उंच भिंत. धुण्याच्या दगडावर चवड्यांवर उभं राहिलं, की भिंतीपलीकडून जाणाऱ्या एसट्यांचे टप दिसायचे. पाट्या दिसायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक गाडी इंदापूरलाच चाललीय असं मी समजायची आणि दगडावर उभी राहून रडायची. एकदा रडून झाल्यावर कळलं की ती गाडी नव्हती, कडब्याचा ट्रक होता.

माहेर इंदापूरच्या पलीकडं, भीमेच्या काठाला. तिथं जायचं तर मुराळी यावा लागायचा. माहेरच्या माणसानं येऊन रीतसर न्यायचं, त्याशिवाय सासुरवाशीण हलायची नाही, अशी रीत. माझा मुराळी अडला होता लुगड्यावर. लग्नात आत्याबाईंना मानाचं लुगडं दिलं, ते नऊवारी म्हणून घेतलेलं भरलं आठ वार. आत्याबाईंनी ते मांडवातच, चार बायकांदेखत, कोपरानं मोजून दाखवलं. माझे वडील, आबा, फटकळ. ते म्हणाले, "पोरगी पुरी हाय, तीबी मोजून घ्या." झालं. त्या दिवसापासून आत्याबाई म्हणायच्या, "त्येंनी आपल्या पायानं यावं अन् न्यावं, मी का आडवी पडलीया?" आणि आबांचं म्हणणं उडत उडत कानावर यायचं, "बलावल्याबिगर त्या उंबऱ्याला पाय लावत न्हाय." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मी परसात होते.

अशात घरात मासे आले. मासे खात्याच्या एका साहेबाची बदली झाली. मामंजींवर त्यांचा लोभ. जाताना त्यांनी पत्र्याच्या चौकटीत पुटी लावून काचा बसवलेली एक पेटी आणि चार मासे मामंजींच्या हवाली केले. परदेशातून आणलेले, तळ्यांत सोडायचे मासे. नाव तिलापिया. आज इंदापूरच्या बाजारात चिलापी म्हणून ढिगानं मिळतात तेच. पण तेव्हा आख्ख्या बारामतीत ते कुणी बघितलेले नव्हते.

आत्याबाईंनी पेटीत डोकावून पहिला प्रश्न विचारला, "कालवण कवा करायचं?"

"ही खायाची न्हाईत, बघायाची हायती," मामंजी म्हणाले.

"बघून पोट भरत आसंल तर उद्यापास्नं भाकरी बघाच तुमी."

साहेब सांगून गेले होते, की पेटीच्या तळाला चांगलं काहीतरी अंथरा, नुसत्या पत्र्यावर हे मासे रमत नाहीत. चांगलं म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं. मामंजी विचारात पडले. मी दाराआडून म्हणाले, "माझं म्हायार नदीकाठचं हाय. मला कळतं त्यातलं."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नदीकाठी मी माशाचं एकच अंग पाहिलं होतं, तव्यावरचं.

आधी मी काळी माती घातली. आमच्या भागात कशालाही काळी माती चांगली, ऊस येतो, गहू येतो, मग मासा का येणार नाही? घटकाभरात पेटीची दौत झाली. मासे दिसेनात, नुसती काचेवर टकटक ऐकू यायची. मग मुरूम घातला. पाणी तांबडं झालं, आणि शेजारीण विचारायला आली की पेटीत काही कापलं का. तेव्हा मी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "नदीची वाळूच पायजे. अन् ती पारखून आणाया पायजे."

"मग आण जा," मामंजी म्हणाले. इतक्या सहज! दीड वर्ष मी ज्या उंबऱ्याला बघत बसले होते, तो मी पाण्याच्या बाईसोबत रिकामी बादली घेऊन ओलांडला.

कऱ्हेच्या पात्रात तेव्हा गुडघाभर पाणी होतं. बादली दहा मिनिटांत भरली. पुढचे दोन तास मी पाण्यात पाय सोडून बसले. पाण्याची बाई म्हणाली, "अगं, चल की." मी म्हणाले, "थांब, पारखतीया." घरी येऊन वाळू सात पाण्यांनी धुतली आणि पेटीत तीन बोटं जाड पसरली. पाणी नितळ झालं. मासे तळाशी फिरायला लागले. ती वाळू उत्तम होती. आज सांगते, त्या माशांना त्याहून चांगलं काही नको होतं.

पण मला हवं होतं. तळ जमला म्हणजे माझं बाहेर जाणं संपलं. सुदैवानं तिसऱ्या दिवशी त्यातला मोठा नर काळा पडला आणि तोंडानं वाळू उचलून एका कोपऱ्यात थुंकायला लागला. संध्याकाळपर्यंत त्यानं मधोमध परातीएवढा खड्डा केला. मी मामंजींना बोलावून दाखवलं. "बघा, टाकून देतुया. बारीक हाय, मानवंना त्येला." दुसरी वाळू आणली, जाड. त्यानं तीही उकरली. मग वरच्या अंगाची आणली, मग खालच्या अंगाची. नर बिचारा मादीसाठी घरटं करत होता, हे मला फार नंतर कळलं. तो खणायचा, मी ते भरून नवीन वाळू टाकायची, तो पुन्हा खणायचा. आम्ही दोघं महिनाभर एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. पण माझ्या चार वाऱ्या झाल्या. घरी येताना पदर ओला असायचा, आणि आत्याबाई तो बघायच्या.

मग मादीनं खाणं सोडलं. कणकेच्या गोळ्या, भाताची शितं, कशालाच तोंड लावेना. तोंड घट्ट मिटून कोपऱ्यात राहायची, गालफडं सुजल्यासारखी. मामंजी हवालदिल झाले. साहेब महिन्याभरानं कामाला येणार होते, आणि आल्यावर आधी मासे बघणार होते.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी पेटीसमोर बसले, मान हलवली, आणि ठेवणीतला सुस्कारा टाकला. "कऱ्हेची वाळूच बाधलीया हिला. भीमेची पायजे. आमच्या गावच्या डोहाखालची. पर ती वळखू येनं म्हंजी कठीण..."

म्हणजे मला पाठवा. एवढं उघड होतं. रात्री मी गाठोड्यात काय काय न्यायचं ते मनात बांधूनसुद्धा ठेवलं.

सकाळी मामंजींनी पोस्टकार्ड लिहिलं. आबांना. "इकडील सर्व क्षेम. भीमेच्या डोहाखालील वाळू एक पोते तातडीने पाठवावी."

मी चुलीपुढं बसून हसू का रडू करत राहिले. वाळूला बोलावणं गेलं होतं, मला नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी दारात खाकरण्याचा आवाज आला. आबा. डोक्यावर ओलं पोतं, सदऱ्यावर पाण्याचे ओघळ, स्टँडपासून तसेच चालत आलेले. कार्डात त्यांच्यापुरतं बोलावणं आलं होतं. वाळूसाठी का होईना, व्याह्यानं लिहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. मी दाराआड उभी. कडी वाजू नये म्हणून ती हातानं धरून ठेवली.

मामंजींनी पुढं होऊन पोतं उतरवून घेतलं. आत्याबाईंनी गूळपाणी आणलं, पदर सावरला, पोत्याकडं बघितलं.

"काय इवाई, पोतं तरी मोजून आणलंय न्हवं?"

आबांनी तांब्यातलं पाणी संपवलं, मिशा पुसल्या.

"मोजून घ्या, इहीणबाई. कमी भरलं तर भीमा उचलून आणतो हितं."

आधी मामंजी हसले, मग आत्याबाई हसल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. दीड वर्षाचं लुगडं तिथं संपलं. जेवणं झाली. पान लावता लावता आबा म्हणाले, "मंग, आलोच हाय तर पोरीला घिऊन जातो पंधरा दीस. तिची आय लई आठवण काढती."

"न्या की," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचीच हाय." आणि सुपारी कातरत, कुणाकडं न बघता, "पर मासळीचं कसं?"

मामंजी एकदम गंभीर झाले. "व्हय की! पाव्हणं, राग मानू नका, पर आमाला कुणालाच वाळूतलं कळत न्हाय. सारं हिच्यावर हाय. नवी वाळू घालायची, मानवती का बघायाचं, साहेब यायाचं. आन् मासळी तर आठ-दहा दीस उपाशी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणू शकले असते, की मासळीला काही झालेलं नाही, वाळूतलं मला काही कळत नाही, मी नुसती नदीवर जायला टपलेले होते. एवढी तीन वाक्यं. ती बोलले असते तर आबांच्या देखत खोटारडी ठरले असते, आणि डोक्यावरून पोतं वाहून आणणारे आबा त्यांच्या व्याह्यासमोर खुळे.

आबांनी विचारलं, "व्हय गं? तुझ्याबिगर न्हाय चालायचं?"

त्यांच्या तोंडावर अशी काही ऐट होती. आपल्या पोरीवाचून कारकुनाचं घर अडतंय!

"न्हाय चालायचं, आबा," मी म्हणाले.

ते चारच्या गाडीनं गेले. मी धुण्याच्या दगडावर चढले. टपावर एक सायकल होती आणि केळीचे घड होते. पुढं शेळगाव, मग निमगाव, मग इंदापूर. मी ओळीनं गावं म्हणत उभी राहिले, गाडी कधीच दिसेनाशी झाली होती तरी.

मग वाळू धुतली. हलक्या रंगाची, दाणा सारखा, मधेच शंखाचे बारीक तुकडे. त्या वाळूत मी लहानपणी खोपे केले होते. पेटीत अंथरली, आणि अंधार पडायच्या आत नरानं तिच्यातही खड्डा पाडला.

पाचव्या दिवशी सकाळी मी पेटीशी गेले, तर मादीच्या तोंडासमोर धुरासारखं काहीतरी हललं. पिल्लं! जिऱ्याएवढी, नुसते डोळे असलेली. मी काचेला हात लावला तसा तिनं आ केला, आणि सगळी भराभर तिच्या तोंडात शिरली. ही जात अंडी तोंडात उबवते. मासळी उपाशी नव्हती, बाळंतीण होती.

मी वळले तर मागं आत्याबाई. त्यांना काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"आत्याबाई, ही आजारी नव्हतीच."

"ठावं हाय. पाच बाळंतपनं झालीत माजी. गाल बघूनच वळखलं व्हतं मी, पोरं आसत्यात तिथं."

"मग आबा आलं तवा का न्हाय बोलला?"

त्यांनी पेटीवरचं झाकण सारखं केलं.

"तू बोललीस व्हय?"

आबा परत आले ते दिवाळीला. तोवर मी पिल्लांना कणकेची पूड चारत होते, आणि नरानं उकरलेली भीमेची वाळू रोज सकाळी हातानं सारखी करत होते.