हर्सूलच्या पुढची तिसरी फेरी

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात खोड्याच काढत आले आहे. उजेड कमी असेल, तब्येत बरी नसेल, सांगणाऱ्यानं मीठमसाला लावला असेल... प्रत्येक लेखात मला एक पळवाट सापडायची. आमच्या घरात साधी दृष्टसुद्धा कुणी काढत नसे. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, मोजता येतं तेवढंच खरं मानणारी. म्हणून हे लिहायला इतका उशीर झाला. आजही वाटतं, वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी माझी चूक काढून दाखवावी.

आपल्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. साधे, बटणांचे मोबाईल नुकतेच सगळ्यांच्या हातात आले होते. मी अठ्ठावीस वर्षांची, चिकलठाण्याला एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीला. बाबांनी नवी गाडी घेतली आणि जुनी, तेराशे सीसीची लाल गाडी मला दिली. तिच्या पुस्तकात टॉप स्पीड लिहिला होता ताशी एकशे चाळीस. मला एकशे साठ हवा होता. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आई विचारायची, "कुठं जायचंय तुला एवढ्या घाईनं?" आणि मी चावी घेऊन बाहेर पडायचे.

या वेडात मला साथ होती रफीकचाचांची. चाचा आमच्याच टूलरूममध्ये लेथवर होते. साठीला आलेले, गुडघ्यानं अधू, पण हात असा की केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळायचा. माझ्याशी मराठीत बोलायचे, घाई झाली की दखनी. पडेगावला त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं आठ महिने आमचे रविवार गेले. इंजिनाचं हेड घासून घेतलं, कार्बोरेटरचे जेट बदलले, सायलेन्सर मोकळा केला, गिअरबॉक्समधला रेशो बदलला. मग रुंद टायर घातले. ते आत घासायला लागले, म्हणून चाचांनी लेथवर जाड चकत्या काढल्या, चाक थोडं बाहेर सरकवायला. त्या चकत्यांसाठी लांब बोल्ट लागतात, तेही त्यांनीच बनवले. गाडीतलं प्रत्येक काम मी दोनदा तपासलं होतं, फक्त ते बोल्ट सोडून. चाचांच्या हातचं काम तपासायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हर्सूलच्या पुढं एका नव्या रस्त्याचं काम चालू होतं. डांबर पडलेलं, पण एका नाल्यावरचा पूल अर्धवट, त्यामुळं रस्ता दोन्हीकडून दगड आणि ड्रम लावून बंद. तिथले वॉचमन कडुबामामा पिशोरचे. चाचांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. एका रविवारी त्यांनी दोन ड्रम सरकवून आम्हाला आत घेतलं आणि ड्रम परत जागेवर लावले.

जागा नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. सुरुवातीला एक लिंबाचं झाड. तिथून दीड किलोमीटरवर आम्ही चुन्यानं रंगवलेला एक दगड ठेवला, तिथं कडुबामामा लाल फडकं घेऊन उभे. त्यापुढं बरोबर एक किलोमीटरवर दुसरा दगड, तिथं चाचा स्टॉपवॉच घेऊन. गाडी मामांसमोरून गेली की मामा फडकं खाली करणार, चाचा घड्याळ चालू करणार. चाचांच्या पुढं ब्रेक मारायला पाऊण किलोमीटर, आणि मग तो अर्धवट पूल. लिंबाच्या झाडापुढं रस्त्याला चढ होता. त्यामुळं झाडापाशी उभं राहिलं की ते दोघं दिसत नसत.

सकाळचे अकरा वाजले होते. एप्रिलचं लख्ख ऊन. डोंगराच्या कडेपर्यंत स्वच्छ दिसत होतं.

पहिल्या फेरीत एकशे अठ्ठेचाळीस भरले. दुसऱ्या फेरीत एकशे चोपन्न. मी वळून झाडापाशी परत आले, तर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीजवळ. मी गाडी सावलीत लावली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून ठेवलं आणि बाटली घेऊन मुळाशी बसले. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं ठरवलं. डोक्यात एकच... अजून सहा.

सात-आठ मिनिटं झाली असतील. फोन वाजला. चाचांचा.

मी पाण्याचा घोट गिळून म्हटलं, "हां चाचा."

पलीकडून काहीच नाही. नुसता श्वास.

"चाचा? ऐकू येतंय का?"

"कां है तू?"

"झाडाखाली. गरम झालीय गाडी. बॉनेट उघडून बसलेय. अजून थोडा वेळ लागेल."

मग चाचा अगदी हळू म्हणाले, "गाडी चालू नक्को कर. चाबी निकाल के हात में पकड."

"का? काय झालं?"

"बेटा, सुन मेरा. गाडीला हात नको लावू. मी चालत येतो."

फोन बंद झाला. अडीच किलोमीटर, त्या उन्हात, त्या गुडघ्यानं... मला वाटलं त्यांना चक्कर आली असणार. आपणच हळूहळू जाऊन त्यांना घ्यावं म्हणून मी बॉनेट लावलं, सीटवर बसले, चावी लावली. पण त्यांचा आवाज कानात होता. इतक्या वर्षांत त्या माणसानं मला कधी विनवणी केली नव्हती. मी चावी काढली आणि बाहेर येऊन उभी राहिले.

आधी चढावरून कडुबामामा आले, सायकलवर; चाचांनी फोन करून त्यांना झाडापाशी पाठवलं होतं. मला पाहिलं आणि वीस-एक पावलांवर थांबले. सायकलवरून उतरले, पण पुढं येईनात.

"ताई," ते म्हणाले, "तुमी परत कवा आलात?"

"मी गेलेच नाही मामा. इथंच आहे केव्हाची."

"नाय. माझ्या समोरून गेली की गाडी. लई जोरात. म्या फडकं खाली केलं." त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग मागं रस्त्याकडं. "तुमीच होत्या. हीच ओढणी."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

चाचा पोचायला पाऊण तास लागला. सदरा घामानं भिजलेला, ओठ पांढरे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ठेवला म्हणजे चाचपला, आणि सरळ पुढच्या डाव्या चाकापाशी बसले.

"जॅक दे."

मी जॅक लावला. पहिला बोल्ट नीट सुटला. दुसऱ्यावर त्यांनी पाना ठेवला, अजून जोर लावला नव्हता, तोच बोल्टचं डोकं तुटून पान्यात आलं. तिसऱ्याचं तसंच. चौथ्याला नखानं जाणवेल अशी चीर. माझ्या दोन फेऱ्या ते चाक एका बोल्टवर आणि नशिबावर टिकलं होतं. हातातली तुटकी डोकी चाचांनी बराच वेळ पाहिली. "कडक झाले," एवढंच म्हणाले. बोल्ट तापवून त्यांना पाणी देताना ते जास्त कडक, ठिसूळ झाले होते.

"पण तुम्हाला कसं कळलं, की हेच चाक?"

"माझ्यासमोरून गेलीस तेव्हा डावं चाक डुगडुगत होतं. मी ओरडलो. तू बघितलं नाहीस, समोर बघत होतीस." त्यांनी स्टॉपवॉच दाखवलं. बावीस सेकंद आणि वर दोन दशांश. मी मनात हिशेब केला... ताशी एकशे बासष्ट.

नंतर आम्ही तिघं पुलापर्यंत चालत गेलो. डांबरावर माझ्या दोन फेऱ्यांच्या खुणा होत्या, तिसऱ्या कसल्याच नव्हत्या. पुलाखाली कोरडा नाला, सळया आणि खडी. दोन्हीकडचे ड्रम जागेवर होते. दुसरी कुठली गाडी आत येणं शक्य नव्हतं, आणि आली असती तर आधी माझ्यासमोरून गेली असती.

गाडी मी परत पहिल्यासारखी करून घेतली. हे काम दुसरीकडं केलं, चाचांनीच तसं सांगितलं. त्यांनी लेथला हात लावणं बंद केलं आणि चार महिन्यांत नोकरी सोडली. उन्हाचा परिणाम, मृगजळ, दोघांना एकाच वेळी झालेला भास... मी सगळं मांडून पाहिलं. भासात चाक डुगडुगताना दिसेल, पण नेमकं तेच चाक? आणि मामांचं फडकं आणि चाचांचं घड्याळ यांच्यामध्ये बावीसच सेकंद?

पुढच्या ईदला शिरखुर्मा प्यायला त्यांच्या घरी गेले होते. सगळे आत असताना चाचा म्हणाले, "एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू पुढं गेलीस, आणि पुलाकडून आवाज आला."

"कसला आवाज?"

"लोखंडाचा. मी वळून बघितलं नाही. पाठ करून उभा राहिलो. मुझे मालूम था, बोल्ट माझे होते." ते कपाकडं बघत होते. "मग फोन लावला. टायमिंग सांगायला नाही लावला, बेटा. घंटी कुठून ऐकू येते ते बघायला लावला. आणि तू पाणी पीत पीत बोललीस... हां चाचा."

आता चाचा नाहीत. कडुबामामांचा पत्ता नाही. तो रस्ता कधीच सुरू झाला, पूलही झाला, आणि कामानिमित्त मी त्यावरून जाते, साठ-सत्तरच्या वेगानं. मी झाडाखाली बसले होते एवढं मला नक्की माहीत आहे. पण त्या दोघांसमोरून जी गेली, लाल गाडीत, माझीच ओढणी घेऊन, ती कोण होती आणि पुलापाशी तिचं काय झालं... ते मला आजही माहीत नाही.