अमोनियाच्या टाकीचं तापमान

"सर, ठिपका रेषेच्या बाहेर पडतोय," मी म्हटलं.

प्लांट मॅनेजर स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "मग आत आणा. सॉफ्टवेअर तुमचंच आहे ना?"

तळोज्याच्या एका कारखान्यातली अमोनियाची टाकी. वेल्डिंगमध्ये क्रॅक सापडली होती. आमचं काम एवढंच: अल्ट्रासॉनिक लहरींनी क्रॅक मोजायची, मग तिची खोली, टाकीतलं प्रेशर, स्टीलचा चिवटपणा आणि तापमान कॉम्प्युटरला द्यायचं. तो आलेखावर एक ठिपका काढतो. रेषेच्या आत पडला तर टाकी चालवा. बाहेर पडला तर बंद करा, दुरुस्त करा.

साहेबांचा राग तापमानावर होता. मी वजा तीस घातलं होतं.

"मॅडम, नवी मुंबईत कुठे थंडी पडते? पस्तीस घाला."

"बाहेरचं नाही सर, आतलं. प्रेशर झटकन सोडलं की अमोनिया उकळतो आणि टाकी गारठते. गारठलेलं स्टील काचेसारखं फुटतं."

"आमचे लोक हळूच सोडतात. एसओपी आहे."

एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, होती; लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली. घाईच्या दिवशी व्हॉल्व्ह सरळ पूर्ण उघडतात, हे अख्ख्या प्लांटला ठाऊक होतं. साहेबांनाही.

बाहेर ऑपरेटर जनार्दनदादा थांबले होते. गावची जमीन गेली, त्या बदल्यात त्यांना ही नोकरी मिळालेली. "म्याडम, टाकी धरंल ना? माजी ड्युटी तिच्यापाशीच हाय."

"दुरुस्ती होईपर्यंत तिच्याजवळ जाऊ नका, दादा."

ते हसले. "मंग वाल कोन उघडंल?"

मी पस्तीस घातलं नाही. काम दुसऱ्या कन्सल्टंटकडे गेलं. त्यानं मुकाट घातलं. ठिपका आत आला, टाकी पास झाली.

मग एकदा ऑर्डरची घाई होती. शिफ्ट इनचार्जनं ओरडून जनार्दनदादांना व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावला. टाकीवर पांढरा बर्फ धरला. ती तशीच गार असताना पुन्हा भरायला घेतली. प्रेशर चढताच क्रॅक वेल्डिंगभर धावली आणि अमोनिया उसळून बाहेर आला. जनार्दनदादांचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत कन्सल्टंट निर्दोष सुटला. पस्तीस डिग्रीला टाकी खरंच सेफ होती! दोष निघाला ऑपरेटरचा, एसओपी मोडल्याचा.

मी जनार्दनदादांना भेटायला घरी गेले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "म्याडम, माजीच चुकी ना?"

"नाही हो दादा," मी म्हटलं.

इतकी वर्षं या धंद्यात काढून एक गोष्ट शिकले. तापमानाचा आकडा कुणी सांगितला, हे रिपोर्टात कुणी लिहीत नाही. व्हॉल्व्ह कुणी उघडला, ते मात्र नावानिशी लिहितात.