दोराला लटकलेला माणूस

अमरावतीला आमच्या समोरच्या घरी पेपर यायचा आणि शिळा झाला की आमच्याकडे. त्यात साहसाची एक चित्रकथा असे. दादा विषमज्वराने अंथरुणाला खिळला तेव्हा तिचा नायक दरीवर दोराला लटकलेला होता. दादा सारखं एकच विचारायचा, दोर तुटला का? नेमका पुढचा पेपर काही सापडला नाही. दादा त्याच आठवड्यात गेला. मी ती चित्रकथा पुन्हा वाचली नाही, पुढे तिचं नावही विसरले.

काही वर्षांनी आम्ही अकोल्याला, जठारपेठेत राहायला आलो. एका दुपारी अमरावतीहून सोबत आलेल्या ज्वारीच्या टोपल्याचा पोपडा निघाला. आई रद्दी भिजवून, मेथ्या घालून कुटायची, त्या लगद्याचं टोपलं करायची आणि वरून अख्खे कागद खळीने चिकटवायची. पोपड्याखाली तोच माणूस दोराला लटकलेला होता. दुसऱ्या चौकटीत दोराचे पीळ सुटत चालले होते. तिसरी चौकट दुसऱ्या कागदाखाली गेली होती. म्हणजे तो पेपर तेव्हा घरातच होता.

माझं डोकंच फिरलं. पाणी लावून मी नखांनी खरवडत सुटले. ज्वारी घरभर सांडली.

"टोपलं काहून फोडून राहिली वं?" आई आतून आली.

"दादा विचारून राहिला," मी म्हटलं, "दोर तुटला का."

दादा गेल्यापासून आईने त्याचा विषय काढला नव्हता. ती माझ्याजवळ बसली आणि तीही नखांनी खरवडू लागली. हाताला नुसता लगदा लागत होता, मेथीच्या वासाचा.