ऑर्फाची सहावी गोळी

ऑर्फा टॅकेटच्या एप्रनला दोन खिसे. डावीकडच्या खिशात कंगवा, कात्री आणि केस गुंडाळायचे रोलर. उजवीकडच्या खिशात पाचबारी रिव्हॉल्व्हर. लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात कुणाला त्याचं काही वाटत नसे. ऑर्फा वाकून केस धुवायला लागली की म्हाताऱ्या आपणहून म्हणत, "ते लोखंड जरा तिकडं सरकव गं, कानाला गार लागतंय."

अंथरुणाला खिळलेल्या, दाराबाहेर पडता न येणाऱ्या बायकांचे केस त्यांच्या घरी जाऊन धुवून, वळवून बसवून द्यायचे, हा तिचा धंदा. नवरा होबर्ट कोळशाच्या खाणीत राबून राबून छातीनं खलास झाला. जायच्या आधी त्यानं बायकोला दोन गोष्टी शिकवल्या. चढावर ट्रकचा गिअर कधी टाकायचा आणि पाचबारी कशी चालवायची. गोठ्यामागच्या खडीच्या दरडीशी उभं करून तो तिला बजावायचा, पाच झाल्या की थांबायचं न्हाई, गोळ्यांचं चक्र उघडायचं, दांडा दाबायचा, रिकाम्या पुंगळ्या पाडायच्या, नवीन भरायच्या. ते तिच्या हातात असं बसलं की डोक्याला विचारायची गरजच उरली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या वर्षी शिकारी लोकांनी टाकून दिलेल्या कुत्र्यांची टोळी खोऱ्यात माजली आणि तिनं वीज मीटर वाचणाऱ्या माणसाची पोटरी फाडली. ऑर्फाचा मुलगा डेल्बर्ट त्या माणसाला दवाखान्यात बघून आला तो थेट आईच्या स्वैपाकघरात. कोपऱ्यात उकडलेल्या घेवड्याचं पातेलं होतं, त्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"आई, सहा कुत्री हुती. तुझ्याकडं गोळ्या किती?"

"पाच."

"मग सहाव्याला काय कंगवा दाखवणार?"

ऑर्फा चालवायची तो ट्रक डेल्बर्टच्या नावावर होता, म्हणून शब्दही त्याचाच चालला. त्यानं सांगून टाकलं की सहाबारी घ्यायची आणि रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर चालवून दाखवायची. जमलं तर किल्ली तुझी, नाहीतर खोऱ्यातल्या फेऱ्या बंद. ऑर्फाला लगेच आयसी स्लोन आठवली. आयसी नव्वदीला टेकलेली, कंबरेखाली लुळी पडलेली. तिच्याकडं दर बुधवारी ऑर्फाशिवाय कुणी फिरकत नसे.

आता दुसरी एखादी बाई रडली असती किंवा भांडली असती. ऑर्फाला मात्र वेगळाच किडा चावला. एका गोळीनं नक्की काय फरक पडतो, हे तिला कळून घ्यायचं होतं. ती गेली एस्टिलच्या दुकानात. तिथं एका भिंतीला बंदुका, दुसरीला मासे धरायचे गळ. एस्टिलनं काचेवर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवल्या, जुळ्या बहिणींसारख्या. सहाबारीचं चक्र नखभरच जास्त जाड. हाताला कळतही नव्हतं. ऑर्फानं ती एप्रनच्या खिशात टाकून बघितली तर खिशाला बरोबर कळलं. एप्रन एका बाजूला ओढला गेला.

"दिवस गेल्यावानी दिसतोय खिसा," ऑर्फा म्हणाली.

एस्टिल हसला. त्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकं येतात, सहावीवर तासभर वाद घालतात आणि कुणी दोन्ही एका दमात चालवून बघत नाही. तिनं त्याला आणखी एक विचारलं. तिच्या आज्याकडं जुनी सहाबारी होती, पण म्हातारा तिच्यात पाचच गोळ्या भरायचा. का? एस्टिलनं सांगितलं, त्या जुन्या बनावटीत बंदुकीचा घोडा थेट काडतुसावर टेकायचा. माणूस पडला, काही आपटलं तर आपोआप बार उडायचा. म्हणून घोड्याखालचं गोळीचं घर रिकामं ठेवायची रीत. नव्या बनावटीत ती भीती उरली नव्हती.

म्हणजे आज्यानं सहा घरं असून पाच वापरली, आपण पाचावर आयुष्य काढलं, आणि आता मुलाला सहा हवीत. सहाबारी घेऊन घरी येईपर्यंत ऑर्फा त्याच विचारात होती.

बुधवारी तिनं आयसीला विचारलं, सहावी खरंच लागते का. आयसीचे केस अर्धे रोलरमध्ये होते.

"तू ती कितीदा उडवलीस?" आयसीनं उलट विचारलं.

"एकदाच. तुमच्याच दारात. जमिनीत मारली, कुत्रं पळालं."

"मग चार उरल्या की. त्यातलीच एक मोज सहावी म्हणून."

रविवारी चर्च झालं, तळलेली कोंबडी आणि रस्सा झाला, केळ्याचं पुडिंग झालं. जेवलेल्या कागदी ताटल्यांतल्या बऱ्यातल्या बऱ्या पुसून डेल्बर्टनं दरडीला टोचल्या. टॅकेटांच्या घरात ही रीत होती. ज्याच्या ताटलीला रस्सा जास्त, त्याची ताटली आधी.

ऑर्फा उभी राहिली. नवी सहाबारी हातात, गोळ्या सहा. पहिली ताटलीच्या मधोमध. दुसरी तिच्याशेजारी. पाचही कोंबडीच्या पिल्लांसारख्या एका जागी गोळा झाल्या. मागून कुणीतरी शीळ घातली. त्याच दमात तिच्या अंगठ्यानं चक्र उघडलं, तळव्यानं दांडा दाबला. पाच पुंगळ्या खडीत खणखणल्या आणि त्यांच्याबरोबर एक अख्खी, भरलेली गोळी पडली.

डेल्बर्टनं ती उचलली, पुसली आणि आईच्या तळव्यावर ठेवली.

"ह्यो तुझा सहावा कुत्रा."

सगळे हसले. ऑर्फाही हसली. खरंच हसण्यासारखं होतं. हात तिला न विचारता काम करून मोकळा झाला होता. त्यानं तिला आजवर असं कधी फसवलं नव्हतं, किंवा तो आजवर इतका इमानदार आहे हे तिला कळलंच नव्हतं. डेल्बर्ट किल्ली खिशात टाकायला लागला तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"पुढचा रविवार दे. तुझ्या बापानं शिकवलेलं हाय ते. एका दुपारी जाणार न्हाई."

बापाचं नाव आल्यावर डेल्बर्टची बोटं सैल पडली. त्यानं कबूल केलं, पण एका अटीवर. तोवर खोऱ्यात तो स्वतः तिला घेऊन जाईल. बुधवारी तो आयसीच्या ओसरीवर कॉफी घेऊन कुत्र्यांची वाट बघत बसला. आत ऑर्फानं रिव्हॉल्व्हरमध्ये वापरलेल्या, रिकाम्या पुंगळ्या भरल्या, एकही भरलेली नाही याची आयसीला आणि स्वतःला दाखवून खात्री केली, आणि दगडी चुलखंडाकडं नळी करून चाप ओढायला लागली. आयसी पलंगावरनं मोजायची. टक, एक. टक, दोन. पाचाला ऑर्फाचा अंगठा चक्राकडं निघाला की म्हातारी उशी आपटून ओरडायची, "अजून हाय!" कधी अंगठा थांबायचा, कधी नाही. मग तिनं आकडे मोजणं सोडून हातालाच विचारायचं ठरवलं. हा पाचाला का थांबतो? कारण पाचव्या बारानंतर होबर्ट तिच्या खांद्यावर थाप मारायचा. ती थापच अजून खांद्यात बसून होती.  मग तिनं परत चाप ओढला.

आयसीनं दिवसभरात एवढं मोजलं की तिचा घसा बसला. जाताना डेल्बर्टनं विचारलं, आत काय चाललं होतं? आयसी म्हणाली, "प्रार्थना."

त्या रविवारी रस्सा जास्त लागलेली ताटली डेल्बर्टचीच निघाली. ऑर्फानं पाच उडवल्या. अंगठा हलला. साऱ्यांना दिसला. खांद्यात ती थाप पडलीच, पण तिनं चक्र उघडलं नाही. दम घेतला आणि सहावी उडवली. ती ताटलीच्या कडेला चाटून दरडीत घुसली. तिनं चाप सातव्यांदाही ओढला. टक.

"आता रिकामी," ती म्हणाली आणि मग चक्र उघडलं.

डेल्बर्टनं ताटली काढून आणली. उन्हाकडं धरून बघितली. मधली पाच भोकं एका बोटानं झाकता येत होती. सहावं कडेला, अर्धवट. तो बराच वेळ कडेच्या त्या भोकाकडं न बघता मधल्याच पाचांकडं बघत राहिला. मग किल्ली काढून त्यानं तिच्या एप्रनच्या खिशात टाकली आणि उरलेल्या पुडिंगकडं गेला.

ऑर्फानं त्या आठवड्यात उजवा खिसा उसवून मोठा शिवला. बुधवारी एकटीच ट्रक घेऊन वर गेली. दारात कुत्रं नव्हतं. आयसीनं केस ओले व्हायच्या आत विचारलं, सहावी लागली का?

"कडेला."

"मंजी चुकलीच की."

"चुकली," ऑर्फानं पहिला रोलर गुंडाळला. "पण मागल्या खेपेवानी न उडताच खडीत पडली न्हाई. मान जरा खाली घ्या."