पाठवणीचा फोल्डर

शिरड शहापूरच्या प्रभूच्या घरात मेंढरं होती. प्रभू मात्र मेंढरांमागे न जाता बेंजो पार्टीत गेला. घरच्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही; तिथेही कळपामागेच चालायचं होतं.

बरेच उन्हाळे वरातींत बेंजो वाजवून झाल्यावर त्याने हिंगोलीत बसस्टँडमागच्या गाळ्यात कॉम्प्युटर मांडला आणि नव्याने गाणी बनवणाऱ्या पोरापोरींना वाद्यवृंद बसवून द्यायला लागला. वाद्यवृंद सीडीतला. परदेशी वादकांनी व्हायोलिन, चेलो, बासरीचा एकेक सूर वाजवून ठेवलेला असतो; तो कॉम्प्युटरमध्ये भरला की साध्या कीबोर्डवर आख्खा ताफा वाजतो. याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. या सीड्या कुठून येतात, हे विचारण्याची २००७ साली पद्धत नव्हती.

अडचण अशी की एवढा ताफा इथल्या कॉम्प्युटरच्या मेमरीत मावत नसे. एका वेळी थोडीच वाद्यं उघडायची. पण कुठली, हे शिकाऊ माणसाला कळत नाही. पुस्तकात तंतुवाद्यं, सुषिरवाद्यं अशी विभागणी असते. प्रभूने ती वाचली, मान्य केली आणि बाजूला ठेवली. त्याचे फोल्डर होते हळद, मंगलाष्टकं, पंगत, वरात, पाठवणी. वरातीत ट्रम्पेट आणि ढोल. पंगतीत बासऱ्या, जेवणाऱ्याला त्रास नको म्हणून. पाठवणीत व्हायोलिनचे लांब ओढलेले सूर आणि त्याखाली चेलो.

"लगीन समद्यांनी पाह्यलंय," तो म्हणायचा. "असा वाद्यवृंद कोनं पाह्यलाय?"

त्याने स्वतःही पाहिला नव्हता. त्यामुळे त्याचा आत्मविश्वास शाबूत होता.

त्याच वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि उमेदवार अमृतरावांचं प्रचारगीत प्रभूच्या गाळ्यात शिकणाऱ्या, साखऱ्याच्या कोमलला मिळालं. तिचं हे पहिलंच काम. तोवर अशी गाणी नांदेडहून यायची. हे चाललं तर पुढची तिच्याकडे येणार होती. पडलं तर सगळे पुन्हा नांदेडला जाणार होते.

गाण्यात अमृतराव हात जोडून मत मागत होते. आपल्याकडे माणूस मनापासून हात कधी जोडतो, याचा कोमलने विचार केला. लेक सासरी निघाली की व्याह्यांपुढे. तिने पाठवणीचा फोल्डर उघडला.

प्रचाराची जीप साखऱ्यात फिरली. बाया दारात आल्या आणि पदर डोळ्यांना लावू लागल्या. म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी तर ड्रायव्हरच्या हातावर दही ठेवलं. "संबाळून जाय, लेकरा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अमृतराव गाळ्यात उभे.

"प्रभ्या, मी निवडून येऊन राहिलो का सासरी जाऊन राहिलो?"

"बाया ऐकून तर राहिल्या की, बापू."

"रडून राहिल्या! माझा फोटो पाहून! मी गेलो का काय, म्हणून एकानं घरी फोन केला. काढून टाक. नांदेडहून दुसरं आणतो."

"फोल्डर बराबर हाय," प्रभू शांतपणे म्हणाला. "ज्या कामासाठी केला ते काम त्यानं केलं."

कोमल खाली मान घालून बसली होती. तिने एकदम विचारलं, "बापू, मागल्या खेपेला कोन निवडून आलं व्हतं?"

"संतराम. काहून?"

"मंग पाठवणी त्यायची करू. लई दिवस राह्यले. त्यायच्या मागून तुमची वरात."

अमृतराव खुर्चीवर बसले.

"लग्नात वरात आधी असती," प्रभूने तत्त्वाचा मुद्दा काढला.

"हे लगीन न्हाई दादा, इलेक्शन हाय."

"दोन्ही फोल्डर संगं उघडत न्हाईत."

"आधी पाठवणी वाजवून तिची फाईल करते. ते बंद करून वरात उघडते. मंग दोन्ही जोडते."

प्रभूने माऊस तिच्याकडे सरकवला. "मी तेच सांगणार व्हतो," म्हणाला.

दुपारून गाणं तयार झालं. व्हायोलिनं रडली, चेलो कण्हला, संतराम गेले. मग ट्रम्पेट आले आणि अमृतरावांनी खांद्यावरचा गमजा सारखा केला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. पुन्हा ऐकताना संतरामांच्या पाठवणीला अमृतरावांचा चेहरा खरोखर हळवा झाला. नांदेडचा विषय निघाला नाही.

"पोरी, एक होईल का?"

"काय, बापू?"

"ती पाठवणी जरा लांबव. सावकाश जाऊ दे त्याला."

कोमलने खुर्ची पुढे ओढली.